‘नागपुरात बघायसारखं काही नाही सर’ असं गेस्टला सांगून मोकळी झाले, आता स्वतःचाच राग येऊन राहिला

पत्र थोडक्यात: वाचक मैत्रीण २४ वर्षांची आहे, नागपुरातल्या एका हॉटेलच्या फ्रंट डेस्कवर काम करते. घर महाल ह्या जुन्या नागपुरातल्या वस्तीत, बारावीपर्यंत मराठी मीडियम, नंतर हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा. चेक-इन, बिल, वायफायचा पासवर्ड एवढं इंग्रजी तिला छान जमतं. पण ताडोबा-पेंचला जाणारे फॉरेनचे गेस्ट एखाद रात्र थांबतात आणि विचारतात की अर्धा दिवस आहे, काय बघू, तिथे ती अडकते. मागे एका वयस्क जोडप्यानं विचारलं, ‘व्हॉट डू यू लाइक इन युअर सिटी?’ आणि हिच्या तोंडून निघालं, ‘नथिंग स्पेशल सर, नागपूर इज ओन्ली फॉर ट्रान्झिट.’ ते हसले, रूममध्ये गेले आणि दुपारभर तिथेच बसले. सोबतची कॉन्व्हेंटमधली मुलगी फाडफाड बोलते आणि सगळ्यांना मॉलमध्ये पाठवते, सुपरवायझर तिचंच कौतुक करतात. महालात गेस्ट पाठवायची हिला लाज वाटते, गल्ल्या अरुंद आहेत म्हणून. प्रश्न असा, की पाठ करायला वीस चांगली वाक्यं लिहून द्याल का, की अठरा हजारांचा स्पोकन इंग्लिशचा कोर्स लावू?

अगं, वाक्यं मी देणारच आहे, पण त्याआधी तुझ्या पत्रातली एक गोष्ट मला खटकली ती बोलू दे. तू म्हणतेस इंग्रजी अडतं. पण त्या जोडप्याला तू जे बोललीस ते त्यांना शब्दन्‌शब्द कळलं, म्हणूनच तर ते रूममध्ये जाऊन बसले ना! त्या वेळी तुझं इंग्रजी चाललं, फक्त आपल्या गावाबद्दल सांगण्यासारखं काही आहे ह्यावर तुझाच भरवसा नव्हता. हे तुझं एकटीचं नाही, आपल्याकडे पुण्या-मुंबईचा पाहुणा आला तरी आपण हेच म्हणतो, काय आहे बाप्पा इथे, ऊन आणि संत्री. मग तोच पाहुणा दोन दिवस घरात टीव्ही बघून परत जातो आणि तिकडे जाऊन सांगतो की नागपुरात काहीच नाही.

म्हणून आधी एक करून बघ. हाच प्रश्न तुझ्या एखाद्या मावसबहिणीनं मराठीत विचारला असता, की ताई माझ्याकडे तीन तास आहेत, कुठे जाऊ, तर तू काय सांगितलं असतंस? उत्तर लगेच आलं तर इंग्रजीचं काम थोडंच उरलं. मराठीतही आलं नाही तर अठरा हजारांच्या कोर्सनं ते येणार नाही, कारण तिथे तुला वाक्यं शिकवतील, नागपूर नाही.

दुसरं, तुला वाटतं गेस्टला काहीतरी भव्य पाहिजे असतं. जो माणूस वाघ बघायला इतक्या लांब आला आहे त्याला नागपुरात ताजमहाल नको असतो गं. त्याला मोकळी दुपार असते, एखादी खरी गोष्ट बघायची असते आणि ती कोणीतरी ओळखीच्या माणसानं सांगावी असं वाटतं. फेमस काय ते त्याच्या मोबाइलमध्ये आहेच, त्यानं विचारलं होतं तुला काय आवडतं ते. ह्या प्रश्नाचं उत्तर मोबाइल देऊ शकत नाही, तू देऊ शकतेस. आणि सगळे फॉरेनर इंग्रजी पाजळणारे नसतात, जर्मन येतात, फ्रेंच येतात, जपानी येतात, दीक्षाभूमीसाठी थायलंड-श्रीलंकेचे येतात, त्यांचंही इंग्रजी शिकलेलंच असतं, त्यामुळे छोटी आणि सरळ वाक्यं त्यांना जास्त बरी पडतात.

आता वाक्यं. वीस पाठ करू नकोस, कारण गेस्टनं मधेच उलटा प्रश्न केला की पाठ केलेलं सगळं डोक्यातून जातं. त्यापेक्षा बोलण्याचा क्रम पक्का कर. आधी विचारायचं, मग एकच जागा सांगायची, ती का ते एका वाक्यात, मग वेळ आणि जायचं कसं, आणि शेवटी काय सांभाळायचं ते.

विचारायला दोन वाक्यं पुरतात. ‘हाऊ मच टाइम डू यू हॅव?’ आणि ‘आर यू मोअर इंटरेस्टेड इन हिस्टरी, फूड, ऑर जस्ट अ क्वाएट वॉक?’ गेस्ट वयस्क असतील तर ‘आर स्टेप्स ओके फॉर यू?’ हे तिसरं, आणि हे खरंच विचार, रामटेकला पाठवून गुडघे धरून परत आलेल्या माणसाला तुझं इंग्रजी किती चांगलं होतं ते आठवत नाही.

सांगताना ‘यू मस्ट गो’ नको. चूक नाहीये ते, पण आपल्या आग्रहासारखं होतं, जसं आपण पाहुण्याच्या ताटात तिसरी पोळी वाढतो तसं, आणि नाही म्हणायचं असेल तर समोरचा अवघडतो. ‘यू माइट लाइक दीक्षाभूमी’ म्हण किंवा ‘इफ आय हॅड टू फ्री आवर्स, आय’ड गो टू दीक्षाभूमी’ म्हण. हे दुसरं मला जास्त आवडतं कारण त्यात तू आहेस. ‘आय सजेस्ट यू टू गो’ हे मात्र सोड, अर्ध्या नागपूरच्या तोंडात बसलंय पण चुकीचं आहे, ‘आय’ड सजेस्ट गोइंग इन द मॉर्निंग’ असं पाहिजे. जागा लांब असेल तर ‘इट्स वर्थ द ड्राइव्ह’. आणि ‘व्हेरी फेमस’ हे दोन शब्द महिनाभर बंदच कर, कारण प्रत्येक जागेला फेमस म्हटलं की कोणत्याच जागेबद्दल काही सांगितल्यासारखं होत नाही.

दीक्षाभूमीबद्दल थोडं जास्त बोलते कारण तुझ्या पत्रात तिचं नावच नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं. जगभरातून लोक जिथे येतात ती जागा तुझ्या हॉटेलपासून काही मिनिटांवर आहे. आपल्याकडे डेस्कवरचे लोक एक तर ती सांगतच नाहीत किंवा ‘बुद्धिस्ट टेम्पल’ म्हणून उरकून टाकतात, मग गेस्ट घुमटाचा फोटो काढतो आणि पाच मिनिटांत परत येतो. त्याला जाण्याआधी गोष्ट सांग, चारच वाक्यांत: ‘डॉक्टर आंबेडकर लेड द ड्राफ्टिंग ऑफ इंडियाज कॉन्स्टिट्यूशन. ही फॉट अगेन्स्ट कास्ट ऑल हिज लाइफ. इन ऑक्टोबर १९५६, ही बिकेम अ बुद्धिस्ट हिअर, अँड हंड्रेड्स ऑफ थाउजंड्स ऑफ पीपल डिड द सेम विथ हिम. द स्तूप स्टँड्स ऑन दॅट ग्राउंड.’ झालं. आता तो माणूस तिथे वेगळ्या नजरेनं उभा राहील. ह्यात बघ, मी लाख म्हटलं नाही, लाख-कोटी बाहेरच्यांना कळत नाही, हंड्रेड्स ऑफ थाउजंड्स म्हणायचं.

त्यानं आणखी विचारलं तर सांगायला जवळ असू दे की तारीख १४ ऑक्टोबर होती, स्तूपाचा आकार सांचीवरून घेतला आहे पण हा आतून पोकळ आहे, लोक आत जाऊन बसतात, आणि तो २००१ मध्ये सगळ्यांसाठी उघडला. आवारातला बोधिवृक्ष श्रीलंकेतल्या अनुराधापूरहून आणलेल्या रोपांचा आहे, श्रीलंकेचा गेस्ट असेल तर हे नक्की सांग, त्याचा चेहरा बघ मग. जाताना एवढं बोल, ‘प्लीज टेक ऑफ युअर शूज, अँड आस्क बिफोर टेकिंग फोटोज इनसाइड.’ दसऱ्याच्या दिवसांत गेस्ट आले तर आधीच सांगायचं की खूप गर्दी असते, रस्ते बंद असतात, गाडी लांब सोडावी लागते. पण ज्याला चालायचं आहे त्याला अडवू नकोस. पांढऱ्या कपड्यांतली माणसं रात्रभर येत असतात, पोरंबाळं, म्हाताऱ्या बायका, आणि पुस्तकांच्या स्टॉलवर खरेदीची नुसती झुंबड. खेड्यातून आलेली बाई पिशवीतल्या सामानाच्या वर जपून पुस्तकं ठेवते, हे दृश्य ज्यानं बघितलं तो नागपूरला ट्रान्झिट म्हणणार नाही.

ज्याला बौद्ध जागांमध्येच रस आहे त्याला कामठीचं ड्रॅगन पॅलेस पण सांग, जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीनं बांधलेलं, १९९९ मध्ये सुरू झालेलं, शांत आणि मोकळं आहे, दीक्षाभूमीला जोडून अर्ध्या दिवसात होतं.

झिरो माइलचं जरा जपून. आपण सगळे छाती फुगवून सांगतो की हा भारताचा मध्यबिंदू, पण ते दगडी काम ब्रिटिशांच्या सर्व्हेच्या वेळचं आहे, १९०७ सालचं, आणि आजच्या भारताचा भौगोलिक मध्य मध्य प्रदेशात सांगतात. गेस्ट शिकलेला असतो, तिथेच मोबाइलवर बघतो, मग तुझ्या बाकीच्या गोष्टींवरही त्याचा भरवसा राहत नाही. म्हणून म्हण, ‘मेनी पीपल कॉल इट द सेंटर ऑफ इंडिया. इट्स अॅन ओल्ड सर्व्हे मार्कर, विथ अ पिलर अँड फोर स्टोन हॉर्सेस. इट ओन्ली टेक्स टेन मिनिट्स.’ मेट्रोचं स्टेशन अगदी बाजूला आहे, एअरपोर्टच्या बाजूनं सरळ गाडी येते, मेट्रोनं जा म्हटलं की गेस्टला तेही आवडतं. अजब बंगला, म्हणजे सेंट्रल म्युझियम, १८६३ चं आहे, उन्हाच्या दुपारी चांगली सोय, पण सोमवारी बंद असतं, पाठवण्याआधी वार बघ. सीताबर्डीचा किल्ला तर सांगूच नकोस, तो १ मे, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीलाच लोकांसाठी उघडतात, एरवी गेस्ट गेटवरून परत येईल. ह्या असल्या बारीक गोष्टी माहीत असणं हेच खरं रेकमेंडेशन आहे, मॉल सांगणाऱ्या मुलीला मॉल कधी बंद असतो ह्याचा विचारच करावा लागत नाही.

पूर्ण दिवस असेल तर रामटेक किंवा सेवाग्राम. सेवाग्रामला बापू कुटी बघून युरोपातली मंडळी गप्प होऊन बसतात असं तिथे जाणाऱ्या ड्रायव्हर लोकांकडून ऐकते मी. १९३६ पासून गांधीजी तिथे राहिले, मातीच्या भिंती, खाली चटई, बास. ‘गांधी लिव्ह्ड इन धिस स्मॉल मड हाऊस’ एवढं वाक्य पुरतं, गांधी कोण हे सांगावं लागत नाही. रामटेकला मात्र गोष्ट सांगावी लागते आणि ती किती सोपी आहे बघ, ‘देअर इज अॅन ओल्ड संस्कृत पोएम. अ लोनली मॅन ऑन अ हिल आस्क्स अ क्लाउड टू कॅरी अ मेसेज टू हिज वाइफ. पीपल बिलीव्ह धिस इज दॅट हिल.’ कालिदास, मेघदूत, यक्ष ही नावं नंतर. पुढे लगेच ‘देअर आर अ लॉट ऑफ स्टेप्स, अँड मंकीज. डोन्ट कॅरी फूड इन युअर हँड्स.’

आता महाल. लाज वाटते असं लिहिलंस, त्यावर मी बराच विचार केला. गल्ल्या अरुंद आहेत, नाल्या उघड्या आहेत, गाड्यांचे हॉर्न आहेत, हे सगळं खरं आहे आणि ते लपवून पाठवू नये. पण आधी सांगून टाकलं की ते सुसह्य होतं, ‘इट्स नॅरो, नॉइजी अँड क्राउडेड, बट इट्स द ओल्ड सिटी.’ ज्याला नको असेल तो नाही जाणार. आणि तू तर त्या भागात लहानाची मोठी झालीस, मारबत तुझ्या घराच्या आसपासूनच जात असणार! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे मोठाले पुतळे निघतात, पुढे-मागे महागाईचे, भ्रष्टाचाराचे बडगे, म्हणजे तसलेच पुतळे, पोट्टे ओरडून राहिले ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’, छपरांवर माणसं. असं तुझ्यासारखं लहानपणापासून बघितलेलं त्या कॉन्व्हेंटच्या मुलीकडे आहे का? गेस्टला एवढंच सांग, ‘पीपल कॅरी ह्यूज फिगर्स थ्रू द ओल्ड सिटी अँड बर्न देम, टू सेंड अवे डिसीज अँड बॅड लक. आय ग्र्यू अप विथ इट.’ ते शेवटचं वाक्य सोडू नकोस. गर्दीत बॅग पुढे धरा, सकाळी लवकर जा, आणि सोबत हॉटेलचा कोणी माणूस देता आला तर बघ.

खाण्याच्या बाबतीत एकच नियम, घाबरवू नको आणि फसवूही नको. ‘लिटल स्पायसी’ म्हणून सावजी खायला पाठवलेला माणूस दुसऱ्या दिवशी जिप्सीत बसू शकला नाही तर त्याची सफारी गेली. ‘सावजी इज व्हेरी हॉट, इव्हन फॉर अस’ असं स्पष्ट सांग. तर्री पोह्यासाठी ‘आस्क फॉर द ग्रेव्ही ऑन द साइड’, मग तो बोट बुडवून चाखेल आणि ठरवेल. सांबारवडी सांगताना आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, ‘फ्रेश कोरिअँडर’, असा खुलासा कर, नाहीतर तो इडलीचं सांबार शोधत बसतो. घरी न्यायला संत्रा बर्फी, त्यात जोखीम काहीच नाही, आणि नागपूरच्या संत्र्याला २०१४ मध्ये जीआय टॅग मिळाला हेही सांगता येतं.

आपले काही शब्द मात्र डेस्कवर बदलावे लागतील. आपण चौकाला स्क्वेअर म्हणतो, शंकरनगर स्क्वेअर, व्हरायटी स्क्वेअर, तर तो बिचारा बाकं आणि कारंजं असलेलं मोठं पटांगण शोधतो, म्हणून ‘क्रॉसिंग’ म्हण. जेवणाच्या जागेला हॉटेल नको, रेस्टॉरंट. ‘आउट ऑफ स्टेशन’ नको. ‘जस्ट निअरबाय ओन्ली’ तर अजिबात नको, ‘टेन मिनिट्स बाय कॅब’ असा आकडा दे. एप्रिल ते जून ‘इट्स बेटर टू गो बिफोर टेन’ हे प्रत्येकाला सांगायचं, आपलं ऊन त्यांना माहीत नसतं, टोपी आणि पाण्याची बाटली हातात दिल्याशिवाय बाहेर सोडू नकोस.

आणि ज्या प्रश्नाचं उत्तर येत नाही तिथे, ‘आय’म नॉट शुअर, लेट मी चेक फॉर यू.’ हे बोलताना मान खाली घालायची नाही. लगेच फोन लावायचा, विचारायचं, आणि त्यांच्या रूमवर कळवायचं. ठोकून दिलेल्या उत्तरापेक्षा हे गेस्टला कितीतरी जास्त आवडतं.

हे सगळं फक्त हॉटेलवाल्यांसाठी नाही. मला अशी पत्रं टॅक्सी चालवणाऱ्या भावांची येतात, मिहानमधल्या कंपनीत फॉरेनची टीम आली की सरांनी ज्यांच्या गळ्यात टाकली त्यांची येतात, सून परदेशी आहे आणि तिचे आईवडील लग्नाला येऊन राहिले अशा काकूंची येतात. काकूंना वेगळं एकच सांगेन, दिवसाला एकच ठिकाण ठेवा, दुपारी त्यांना पडू द्या, आणि ‘वुड यू लाइक टू कम, ऑर वुड यू रादर रेस्ट?’ असं रोज विचारा, रेस्ट म्हणाले तर मनाला लावून घेऊ नका. ड्रायव्हर भावांनो, कमिशनच्या दुकानासमोर गाडी थांबवायची असेल तर आधी विचारा, ‘वुड यू लाइक टू सी अ शॉप?’ नो म्हटलं तर पुढे चला, एवढ्यानं तुमचा रिव्ह्यू बदलतो.

आता तुझी ती सोबतीण आणि सुपरवायझर. तिच्याशी स्पर्धा लावू नकोस, तिच्याकडे भाषा आहे आणि तुझ्याकडे गाव आहे. तिलाच म्हण की आपण दोघी मिळून डेस्कवर एक वही ठेवू, प्रत्येक जागेला एक पान, किती वेळ लागतो, कधी बंद, पायऱ्या आहेत का, बाथरूम आहे का, कॅबचे साधारण किती होतात, आणि खाली दोन इंग्रजी वाक्यं. वाक्यं तिनं तपासावी, माहिती तू भरावी. वही तयार झाली की सुपरवायझरला दाखव, तोंडी तक्रार करण्यापेक्षा ते जास्त कामाचं. दर वीकली ऑफला एक जागा गेस्टसारखी बघून ये, म्हणजे तिकिटाच्या खिडकीपासून, चप्पल कुठे काढतात इथपर्यंत. रात्री मोबाइलवर त्या जागेबद्दल एक मिनिट इंग्रजीत बोलून रेकॉर्ड कर आणि ऐक. लाज वाटेल पहिल्यांदा, वाटू दे.

कोर्सचं म्हणशील तर दोन महिने थांब. त्यानंतरही गेस्ट भराभर बोलले की कळत नाही असं होत असेल, तर ती ऐकण्याची अडचण आहे, तिला खरंच क्लासची मदत होते. तेव्हा पैसे भरण्याआधी डेमोला बस आणि बॅचमध्ये किती जण आहेत, तासाभरात तुला स्वतःला किती मिनिटं बोलायला मिळतं एवढं विचार. चाळीस पोरांच्या वर्गात फळ्यावरून वाक्यं उतरवून घेत असतील तर ते अठरा हजार राहू दे, त्यातल्या थोड्या पैशांत तुझ्या आईला घेऊन रामटेकला जाऊन ये, आणि वहीतलं ते पान भर.